संडासाच्या दारामागचा नंबर

अप्पांचा मोबाइल नंबर शाळांमधल्या मुलींच्या संडासात लिहिलेला आहे. दाराच्या आतल्या बाजूला, लाल रंगात.

कुणी चावटपणा केलेला नाही. अप्पांनी स्वतः पेंटर पाठवून लिहून घेतलाय.

परवा आमचे गुरलिंगअप्पा गेले, लिंगैक्य झाले. लातूरच्या आमच्या डाळ मिलचे मालक. मी त्यांच्याकडं सीएसआर, म्हणजे कंपनीचं समाजकामाचं खातं बघते. त्यांच्या भाषेत, "आमची सीएसआर बाई."

मिलनं शाळांना मुलींसाठी संडास बांधून द्यायचं ठरवलं, तेव्हा अप्पांचा मुलगा, मल्लिनाथ सर, नुकतेच पुण्याहून एमबीए करून आलेले. उठता-बसता सस्टेनेबिलिटी. त्यांनी पाटीचं डिझाइन आणलं. लोगो केवढा? दार लहान वाटावं एवढा.

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"पाटी भाईर लावल्यावर कोण वाचतंय गं?"

"पाहुणे वाचतात, अप्पा."

"पाहुण्याला कडी लावायची हाय का? जिची कडी लागंना, ती पोरगी आत आसती. तिनं काय वाचायचं? आतून नंबर लिव्ह. माझा."

"अहो अप्पा, लोक काय म्हणतील! तुमचं नाव संडासात?"

"नाव कुटं लिव्ह मनलो? नंबर लिव्ह."

झालं. तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू.

नळाला पाणी नाही, अप्पांना फोन. बल्ब गेला, अप्पांना फोन. एकदा बँकेच्या मॅनेजरसमोर बसून अप्पा मोठ्यानं विचारत होते, "बेडूक लहान हाय का मोठा? मोठा आसंल तर तूच भाईर ये बाळ, त्याला बसू दे."

पुढं पुढं तर एसटी आली नाही म्हणूनही फोन यायला लागले. अप्पा तेवढ्यात आगारात फोन लावायचे!

गाडीत कायम एक पेचकस, दोन-चार कड्या, नळाच्या तोट्या. एवढा मोठा मालक पांढऱ्याशुभ्र कपड्यांत चाकूरच्या शाळेत दाराचे स्क्रू पिळतोय आणि मी बाहेर उभी राहून "जरा थांबा गं पोरींनो" म्हणतेय. यासाठी मी एमएसडब्ल्यू केलं.

मल्लिनाथ सरांना लाज वाटायची. "अप्पा, आपण टोल फ्री नंबर घेऊ. प्रोफेशनल. मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा."

"आरं, पोरगी एका हातानं दार धरून बसलेली आसती. दाबंल कुटं?"

मग आली ती ऑडिटरबाई. मुंबईहून. एका बड्या कंपनीला आमची तूरडाळ घ्यायची होती, पण आम्ही समाजासाठी खरंच काही करतो का, हे बघून. सरांनी मला बजावलं, "तो नंबर आधी खोडून टाका." पेंटर नांदेडला मेव्हणीच्या लग्नाला गेलेला, म्हणून नंबर वाचला.

शाळेनं स्वागताला हलगी लावलेली. बाई म्हणाल्या, आतून बघून येते. गेल्या. कडी लावली. कडी अडकली.

त्या आतून ओरडतायत, बाहेर हलगी कडाडतेय. कुणाला काय ऐकू येतंय?

अप्पांचा फोन वाजला.

"हॅलो! आरं हलगी थांबवा रे! हाव, बोल बाळ. आत हायस का? घाबरू नको. कोन्ती शाळा?"

मग अप्पांनी हळूच मान वळवून दाराकडं बघितलं.

"आगं, हितंच हाय की!"

पेचकस आला. "बाई, जरा मागं सरका," म्हणत अप्पांनी अशी काही ताकद लावली की अख्खं दारच बिजागऱ्यांसकट त्यांच्या हातात! आत बाई, बाहेर मालक, मध्ये काहीच नाही. गुरुजींनी पटकन पाठ फिरवली. सर माझ्या कानात म्हणाले, "गेली ऑर्डर."

ऑर्डर आली. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, "तक्रार निवारण यंत्रणा अत्यंत तत्पर."

अप्पांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. "यंत्रणा मंजे कोण गं?"

"तुम्ही, अप्पा."

"आयला!"

आठवडाभर ते मिलमध्ये सगळ्यांना सांगत फिरले, मी यंत्रणा हाय म्हणून.

सर तरी ऐकेनात. "ठीक आहे, जमलं. पण अप्पा काय जन्मभर फोन उचलणारेत का?"

बोलले ते खरंच होतं. आणि अप्पांनाही तीच एक काळजी होती. शेवटच्या आजारात दवाखान्यात मला म्हणाले, "माझ्यामागं फोन कोण उचलंल गं?"

"मी आहे की अप्पा."

"तू उद्या दुसरी नोकरी धरशील. मालकानं उचलाय पायजे."

सर कॉटच्या पायाशी उभे होते. मोबाइलमध्ये बघत. मला त्यांचा भयंकर राग आला होता, खरं सांगते.

काल घरात सगळे बसलेले. अप्पांना समाधी देऊन आलेली माणसं. आणि फळीवर ठेवलेला अप्पांचा फोन वाजायला लागला.

थांबला. परत वाजला.

मी उठणार, तेवढ्यात सर उठले. स्पीकर कसा चालू झाला देव जाणे, पण सगळ्यांनी ऐकलं.

"अप्पा, मी शिरूर अनंतपाळहून बोलायलीय. कडी परत तुटली. तुमी येतो मनलात आन् आलाच न्हाईत."

सर म्हणाले, "अप्पा नाहीत गं आता. मी त्यांचा मुलगा बोलतोय."

पोरगी म्हणाली,

"मग तुमी या."

सरांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. "अप्पांचा पेचकस कुठं असतो हो?"

अप्पा, तुमचा पोरगा आज सकाळी जाऊन आलाय शिरूरला. कडी उलटी बसवली म्हणे, आता बाहेरून लागते. उद्या परत जायलाय.

पण फोन उचलला, अप्पा. मालकानं उचलला.

यंत्रणा चालू आहे. तुम्ही निवांत पडा.

शेवटचा शरणार्थ घ्या, अप्पा.