आधी घर बघा

घणसोली गावात भाड्याने खोली हवी असेल, तर सगळे एका एजंटचं नाव सांगतात. खोली दाखवण्याआधी तो मुद्दाम लांबच्या गल्लीतून नेतो आणि एका जुन्या कौलारू घरासमोर थांबतो. ओटीच्या सागवानी खांबांवर वेलबुट्टी कोरलेली आहे.

"हात लावून बगा. रूम काय पलून जाते?"

साताऱ्याहून आलो तेव्हा मलाही त्याने तिथे थांबवलं होतं. मला भूक लागली होती आणि हा मला लाकूड दाखवत होता.

दिवाळीनंतर त्या घराचे मालक नेरूळला राहायला गेले. आता इथेही टॉवर होणार, असं जो तो म्हणू लागला. झाला असता तर त्यातल्या खोल्या यानेच भाड्याने लावल्या असत्या. पण त्याने मालकांना गाठलं, ते घर स्वतः भाड्याने घेतलं आणि आपलं ऑफिस ओटीवर आणलं.

काल तो छपरावर चढून कौलं सारखी करत होता. खोली बघायला आलेलं एक जोडपं खाली ताटकळत उभं होतं.

"पावसाआधी व्हायला पायजे," तो वरूनच म्हणाला. "तवर खांबांना हात लावून बगा."