गाडीमा चोर शे

नानांच्या शर्टाच्या खिशात कायम एक दिवा असायचा. देवापुढचा नव्हे. मोटारीच्या मीटरमधला, बोराएवढा. त्याला त्यांनी दोन वायरी डाख देऊन जोडल्या होत्या आणि वायरींच्या टोकांना चिमटे लावले होते. समोरचा माणूस थापा मारायला लागला की नाना तो दिवा काढून त्याच्या नाकासमोर धरायचे. "थांब भो, जरा लाई दखू दे, पेटस का!" माणूस ओशाळायचा किंवा चिडायचा. चिडणारेच जास्त होते. नानांना माणसं जोडण्याची कला नव्हती, वायरी जोडण्याची होती.

नाना आमच्या फिरत्या दवाखान्याचे ड्रायव्हर. जळगावच्या एका ट्रस्टने शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमारास एक जुनी व्हॅन घेतली होती आणि सुताराकडून तिचं आतून घर करून घेतलं होतं. दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारी फळी, पाण्याची टाकी, ट्यूबलाइट, पंखा, लशींची बर्फाची पेटी. मागच्या भिंतीला पत्र्याच्या चौकटीत बसवलेलं लाकडी कपाट. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर आम्ही फिरायचो. मुक्कामी डॉक्टरीणबाई आणि मी शाळेत किंवा चावडीत झोपायचो, नाना गाडीत. जळगावला परतलो तरी नाना गाडीतच. एरंडोलकडच्या त्यांच्या गावी घर होतं, पण ते भावांचं होतं. बायको लवकर गेली, मूल नव्हतं. गाडीतल्या एका खिळ्याला त्यांचा आरसा लटकलेला असे आणि दुसऱ्याला टोपी. एवढा त्यांचा संसार.

मी त्या गाडीवर लॅब टेक्निशियन. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., तेही फिजिक्स घेऊन. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. नाना मला नावाने कधी हाक मारत नसत. "ओ बीएस्सी, पाना दे." "बीएस्सी, चहा सांग, तुना पैसाना."

आमचे खटके उडायचे. नाना बॅटरीत नळाचं पाणी ओतायचे. मी म्हटलं, "नाना, डिस्टिल्ड वॉटर घाला, प्लेटा खराब होतील."

"मी तापीनं पानी पीसन मोठा व्हयनू. बॅटरीले काय धाड भरनी?"

वर्षाच्या आत बॅटरी बसली. नवी आली तेव्हा डिस्टिल्ड वॉटरची बाटली नानांच्या सीटखाली दिसली. मी बाटलीकडे पाहिलं. तेच गुरकावले, "दखस काय? डॉक्टरीणबाईनी दिन्ही."

गाडीत दोन बॅटऱ्या होत्या. एक इंजिनाची, एक घराची, म्हणजे ट्यूब-पंख्याची. इंजिन चालू असताना दोन्ही भरायच्या. ते बंद झालं की मधला कटआउट दोघींना वेगळं करायचा, म्हणजे रात्रभर पंखा चालला तरी सकाळी गाडी सुरू व्हायची. नवीन डॉक्टर आले की नाना त्यांना समजावून सांगत, "घरना खर्च घरमा. गाडीना जिवाले हात लावाना नही." आपल्या भावांकडून ते जे शिकले, तेच बहुतेक त्यांनी बॅटऱ्यांना लावलं होतं.

मग एका पावसाळ्यात घराची बॅटरी सकाळी रिकामी सापडायला लागली. काही चालू नसताना. त्यात कटआउट चिकटला आणि तिच्याबरोबर इंजिनाचीही उतरायला लागली. पाड्यावरची माणसं गाडी ढकलायची. तपासणीला आलेल्या बाया आपलं पोर खाली ठेवून आमची गाडी ढकलताहेत, हे पाहून डॉक्टरीणबाईंना लाज वाटायची. नानांना संताप यायचा. कटआउट त्यांनी लगेच बदलला. पण मूळ दुखणं घराच्या बॅटरीत होतं.

"गाडीमा चोर शे," ते म्हणाले.

कुठेतरी गुपचूप करंट खाणारी जागा, तिला आमच्याकडचे वायरमन चोर म्हणतात. शिवी नाही, आरोप नाही. सर्दीला सर्दी म्हणावं तसा धंद्यातला शब्द.

एका शनिवारी सकाळी ट्रस्टच्या आवारात नानांनी चोर धरायला घेतला. सगळं बंद केलं. घराच्या बॅटरीची मायनसची वायर सोडली आणि मध्ये आपला दिवा लावला. सगळं बंद असताना दिवा पेटायला नको. तो मंद लाल पेटला. मग नाना एकेक फ्यूज काढत गेले. पंख्याचा काढला, दिवा तसाच. पंपाचा काढला, तसाच. ट्यूबचा काढला आणि दिवा विझला. फ्यूज परत लावून त्यांनी ट्यूबच उतरवून ठेवली. तरी दिवा पेटलेला.

"ट्यूब गरीब शे," नाना म्हणाले. "चोर वायरमा शे." ती वायर पत्र्याला धरून मागे जात होती आणि औषधांच्या कपाटामागे दिसेनाशी होत होती.

त्या कपाटाला कुलूप होतं. रोजची औषधं बाकाखालच्या पेटीत असत. कपाटात राखीव साठा, साथ आली तर लागेल म्हणून. त्याला लोखंडी कडी-कोयंडा ट्रस्टच्या चिटणीसांनी त्याच उन्हाळ्यात स्वतः उभं राहून बसवून घेतला होता. "चोऱ्यामाऱ्या नकोत," म्हणाले होते. किल्ली फक्त त्यांच्याच खिशात.

तेवढ्यात चिटणीसच आले. बरोबर कमिटीची दोन-तीन माणसं, आणि समोर डॉक्टरीणबाई. नाना कपाटावर थाप मारून सगळ्यांदेखत म्हणाले, "साहेब, बरं व्हयनं तुम्ही उनात. चोर सापडी गया. या कपाटमा शे. चावी द्या."

मी चिटणीसांचा चेहरा पाहत होतो. त्यावरचं रक्त उतरलं.

"काय बोलतोस तू?"

"खरं बोली ऱ्हायनू. माले काय इचारतस? दिवाले इचारा." आणि नानांनी तो लाल दिवा त्यांच्या नाकासमोर धरला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. नानांच्या मनात फक्त वायर होती. किल्ली मिळाली नाही. मी नानांना हळूच म्हटलं, "पेचकसाने कडी काढू या." ते माझ्यावरच उखडले, "मी वायरमन शे, घरफोड्या नही."

सोमवारी नानांच्या हातात नोटीस पडली. ट्रस्टच्या पदाधिकाऱ्यावर चारचौघांत चोरीचा आळ घेतला म्हणून. मी तडक चिटणीसांकडे गेलो. चोर म्हणजे काय, गळती म्हणजे काय, कागदावर सर्किट काढून दाखवलं. डॉक्टरीणबाईही आल्या होत्या. चिटणीस शांतपणे ऐकत राहिले. मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला. मग म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात, तुमचा अर्थ वेगळा. लोकांनी काय ऐकलं? त्याला एक वाक्य म्हणू दे कमिटीसमोर. गाडीत चोर नाही. झालं, नोकरी राहील."

एक वाक्य. मी नानांना गाडीत जाऊन सांगितलं. ते आरशासमोर दाढी करत होते.

"शे ना पन चोर," ते म्हणाले. "नही कसं म्हनू?"

"नाना, म्हणण्यापुरतं. कुठे जाल? झोपाल कुठे?"

वस्तरा खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बीएस्सी, दिवा पेटेल शे, आनि मी म्हनू इझी गया? मंग हाऊ खिसामा कसाले ठेवू?"

मी खूप वाद घातला. गरिबाला असला ताठा परवडत नाही, असंही बोललो. त्यांनी आरसा उतरवला, टोपी घातली आणि चालते झाले. गाडीत दोन रिकामे खिळे राहिले.

नवा ड्रायव्हर म्हणायचा, गाडीच पनौती आहे. बॅटऱ्या येत राहिल्या, बसत राहिल्या. शेवटी ट्रस्टने गाडी आवारात उभी केली, कपाटाच्या कुलुपासकट. किल्ली मागण्याची हिंमत एकालाच होती आणि तो धुळ्याला हायवेवर ट्रकांची वायरिंग करत होता. चिटणीस ट्रस्टचे अध्यक्ष झाले.

काही वर्षांनी गाडी भंगारात निघाली. भंगारवाल्याने पहारीने कपाट उचकटलं तेव्हा मी मुद्दाम उभा होतो. आतली खोकी चिकटपट्टी न काढलेली, नवी कोरी. उचलली तर हलकी. सगळी रिकामी. आणि कोयंड्याचा एक लांब स्क्रू लाकडातून आरपार जाऊन ट्यूबच्या वायरीत रुतलेला. पुरता पत्र्याला टेकला असता तर फ्यूज उडून तेव्हाच कळलं असतं. ओलसर लाकडातून, गंजातून करंट थोडा थोडा झिरपत होता. मी त्याच्या टेम्पोची बॅटरी मागून घेतली, ट्यूबच्या वायरीला जोडली आणि मध्ये दिवा लावला. मीही तोवर तसा एक करून घेतला होता. पेटला. स्क्रू काढला. विझला.

रिकामी खोकी मी अध्यक्षांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "जुन्या गोष्टी," ते म्हणाले, आणि शिपायाला खोकी उचलायला सांगितली.

मग मी धुळ्याला गेलो. नाना एका टपरीच्या सावलीत बाजेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. मी खोक्यांचं आधी सांगितलं. त्यांनी माशी वारावी तसा हात हलवला. मग स्क्रूचं सांगितलं. ते ताठ बसले.

"इस्क्रू काढा तवय दिवा इझना का?"

"विझला, नाना. माझ्या हाताने काढला."

त्यांनी मोठा श्वास सोडला. खिसा चाचपला. दिवा तिथेच होता.

"मंग जाय, सांग त्यासले," ते म्हणाले. "नाना आते म्हनस, गाडीमा चोर नही."

गाडी तोवर तुकडे होऊन भट्टीत गेली होती.