वाचनालयाकडचा उतार

वाचनालयाच्या रस्त्याला नवा पदपथ झाला. जुना इतका उंच होता की माझ्या पत्नीला गुडघ्यांमुळे त्यावर चढता येत नसे. ती रस्त्यावरूनच चालायची आणि मागून हॉर्न वाजला की माझी बाही घट्ट धरायची. शेवटी म्हणाली, "तुम्हीच आणा पुस्तकं. आवडनिवड एव्हाना कळली असेलच की!" मी आणत राहिलो. पण कपाटापुढे उभं राहून पुस्तकं चाळण्याचं तिचं सुख संपलं. मग तीही गेली.

आज पदपथाच्या टोकाला रस्त्यापर्यंत उतार दिलेला पाहिला. एक आजी काठी टेकत वर आल्या आणि नातीला म्हणाल्या, "सोड गं हात, येते मी."

कोपऱ्यावरचा फुलवाला सांगत होता, उताराचं काम एका सकाळीतच उरकलं.