अंडी धुवायची नाहीत!

कोंबडी रोज अंडं घालते आणि आमची माणसं रोज एक किस्सा घालतात. अंडी निदान खाऊन तरी संपतात. किस्से कुठं ठेवायचे? म्हणून म्हटलं, चार-दोन सांगून टाकू.

मी साताऱ्याकडचा. मुलगा दिनेश दिल्लीत सरकारी नोकर. सरोजिनी नगरात तळमजल्यावर त्याचं क्वार्टर, मागं चादरीएवढं अंगण. तिथं मी कोंबड्या पाळल्या आणि एक कोंबडाही. कॉलनीचे सेक्रेटरी चोप्राजी पहिल्याच दिवशी बजावून गेले, "चाचाजी, एक भी शिकायत आई, तो मुर्गियाँ गाँव वापस!"

तेव्हापासून माझा जीव टांगणीला. कोंबड्या गेल्या तर या शहरात मी दिवसभर बोलू कुणाशी?

*

सूनबाई सुनीता स्वच्छतेची फार. तिनं एकदा सगळी अंडी भांड्यांच्या लिंबूवाल्या साबणात भिजवली, घासली, लखलखीत केली. म्हणाली, "आबा, आता येऊ देत चोप्राजींना!"

मी म्हटलं, "पोरी, अंड्यावर कोंबडीनं घातलेलं पातळ पांघरूण असतं. ते धुऊन काढलं की अंडं बाहेरचं आत ओढतं."

"काहीतरीच हं आबा!"

सकाळी दिनेश ऑमलेटचा पहिला घास घेऊन थबकला. "वा! आज लिंबू पिळलंस?"

आता आमच्याकडं अंडी धूत नाहीत. घाण लागली तर नारळाच्या शेंडीनं कोरडीच पुसतात. एखादं फारच बरबटलं, तर कोमट पाण्यानं धुऊन त्याच दिवशी खायचं.

*

जुनं अंडं आधी संपवायचं, म्हणून प्रत्येकावर वार टाकायचा ठरला. आता माझी शाळा झालेली नाही. मी पेन्सिलीनं चित्रं काढू लागलो. रविवारी सूर्य, सोमवारी चंद्र, शनिवारी मारुतीची शेपटी. मंगळवारी काढला मोदक!

नात मिनूनं ट्रे पाहिला आणि ओरडली, "मम्मी, चलो चलो, गणपतीचं अंडं आलंय!"

सुनीतानं कपाळावर हात मारला. "आबा! अंड्यावर मोदक?"

"मग मंगळवारी काय काढू?"

"काही काढू नका. मंगळवारी कोंबडीलाच उपास सांगा!"

*

ताजं अंडं पाण्यात तळाला जातं, नासकं तरंगतं, हे मी मिनूला शिकवलं. एका दुपारी ती धावत आली. "आबा, सगळी तरंगतायत! बिल्कुल सगळी!"

मी सगळी अंडी पिशवीत भरली. दिनेशनं पिशवी उचलली. "चोप्राजींना वास लागायच्या आत लांब टाकून येतो."

तो दारात पोचला आणि स्वैपाकघरातून सुनीता कडाडली, "माझ्या आवळ्यांचं मिठाचं पाणी कुणी पळवलं?"

इतक्या खारट पाण्यात ताजं अंडंही तरंगतं! मिनू मात्र खूश. "पण आबा, स्विमिंग छान करत होती ना?"

*

वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकू शुद्ध शाकाहारी. जिन्यात कुणी नाही असं बघून, पदराखाली डबा धरून येतात. "दोनच द्या हो. केसांना लावायला."

मी म्हटलं, "निमुळतं टोक खाली करून ठेवा, जास्त टिकतील."

"टिकवायची कशाला? लगेच लावते!"

थोड्या वेळानं वरून कांदा-मिरचीचा खमंग वास. मिनू अंगणातून ओरडली, "काकू, केस जळले का?"

वरून आवाज आला, "नाही गं, कंडिशनर करतेय!"

*

आणि मग थंडीत, कोंबड्याच्या आरवण्यावरून तक्रार गेलीच. सकाळी ऊन पडल्यावर चोप्राजी हजर. खुराडं हुंगलं, ट्रे हुंगला, मलाही हुंगलं.

"अंडे धोते नहीं? छी! सैंपल ले जाऊँगा, मेंबरों को दिखाऊँगा. आज फैसला होगा!"

पिशवी आणली नव्हती. त्यांनी डोक्यावरची लोकरीची माकडटोपी काढली, तिच्यात अंडी ठेवली, टोपी बाजेवर ठेवली आणि सुनीतानं दिलेला चहा घेतला. चहा संपवून वळतात, तर टोपीत आमची काळी कोंबडी ठाण मांडून! ती खुडूक झालेली. अशा कोंबडीला अंडी दिसली की ती उबवायला बसणारच.

चोप्राजींनी हात घातला. तिनं टोचलं.

"चाचाजी, हटाइए इसे! टोपी मिसेज ने बुनी है!"

"हटेगी नहीं जी. कुड़क है."

"कब तक?"

"तीन हफ्ते."

चोप्राजींनी कोंबडीकडं पाहिलं. कोंबडीनं चोप्राजींकडं. ते बोडक्या डोक्यानं निघून गेले. दिनेश गाडीत खुराडं मावतं का ते मोजत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक हळूच वाजलं. चोप्राजी. डोक्याला मिसेसची शाल, हातात बाजरीची वाटी.

मी धीर करून विचारलं, "फैसला क्या हुआ जी?"

"श्श!" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "धीरे बोलिए चाचाजी, उठ जाएगी!"