बाळंतिणीचं ताट

…तर त्या तान्ह्या पोरानं तीन दिवस रडून घर डोक्यावर घेतलेलं, आणि सिंधुबाईनं काय केलं? काही नाही. पोराकडे बघितलंसुद्धा नाही. उंबऱ्याशी बूड टेकलं, पदरानं मानेचा घाम टिपला आणि बाळंतिणीला विचारलं, "काल काय जेवलीस?"

"भाकरी नि शेपू."

"आणि?"

"आणि काय नाय."

"आणि?"

तिसऱ्या 'आणि'ला बाळंतीण खाली बघून पुटपुटली, "घरात पुरण होतं. कटाची आमटी घेतली वाटीभर…"

झालं! सासूनं कपाळाला हात लावला, आजेसासूनं काठी आपटली, नवरा अंगणातून परसात पळाला, कारण वाटी त्यानंच चोरून दिलेली. मग सिंधुबाईनं पोर मांडीवर पालथं घातलं, पाठीवरून तेलाची दोन बोटं फिरवली, आणि पोर ढेकर देऊन झोपी गेलं. पोलिसाला चोर सापडायला महिना लागतो, सिंधुबाईला हरभऱ्याची डाळ उंबऱ्यातच सापडते, असं सायखेड्यात म्हणायचे ते उगीच नाही.

तीस वर्षं हा तिचा नेम. सकाळी गोदावरीवर धुकं असताना ही निघायची. एका घरी तान्ह्याला पायावर घेऊन न्हाऊ घाल, दुसऱ्या घरी बाळंतिणीचं अंग चोळ, तिसऱ्या घरी ओवा-बाळंतशेपाची धुरी दे. शाळा तिसरीपर्यंत. बाकी सगळं सासूच्या हाताखाली शिकलेली. पथ्याची यादी तोंडपाठ. वांग्यानं पोट फुगतं, कोबीनं मुरडा येतो, बटाटा वातूळ, शेंगदाणा पित्ताचा, आणि कांद्यानं दूध उग्र होतं. आता गंमत बघा. हा सगळा कांद्याचा मुलूख. बाळंतिणीचा नवरा लासलगावला ट्रॅक्टरभर कांदा उतरवून यायचा, त्याच्या अंगाला, कपड्यांना कांद्याचा वास, आणि घरात बायकोच्या ताटात पातीची काडी नाही! एका बाळंतिणीनं तर म्हणे नवऱ्याचा सदराच हुंगला होता.

आणि तिसरा महिना सरला की पोरं खरोखर गप व्हायची. मग सिंधुबाईच्या शब्दावर कोण शंका घेणार?

त्या यादीत एक गोष्ट मात्र कधीच नव्हती. गाईचं दूध. दुधानं दूध येतं, हे तिच्या सासूनं सांगितलं होतं, सासूच्या सासूनंही.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या स्वतःच्या घरी पाळणा हलला. मुलगा सोमनाथ सातपूरला कारखान्यात, सून उज्वला तिथेच दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगला. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरचं. पण उज्वला बारावीत असतानाच तिची आई गेलेली. सिंधुबाई स्वतः सातपूरला जाऊन तिला घेऊन आली. एसटीत पिशवी मांडीवर ठेवून म्हणाली, "आजपासून 'आई नाय' म्हणायचं नाय. मी हाय."

उज्वला हसली. मग हळूच म्हणाली, "आई, मला एकच करायचंय. सहा महिन्यांची रजा मिळालीय. सहा महिने बाळाला फक्त अंगावर पाजायचंय. बाटली नको नि काही नको. माझी आई म्हणायची, मला दोन वर्षं पाजलं तिनं. तेवढंच तिचं माझ्याकडे राहिलंय."

"सहा महिने काय, दोन वर्षं पाज. मी कशाला हाय?"

मुलगी झाली. चिमी म्हणायचे तिला. पहिले पंधरा दिवस सोन्यासारखे गेले. तिसऱ्या आठवड्यात दिवेलागणीला रडं सुरू झालं. साधं रडं नाही. पाय पोटाशी घ्यायची, मुठी आवळायची, लालबुंद व्हायची. सिंधुबाईला काही वाटलं नाही. अशी शंभर पोरं तिनं गप केली होती. तिनं सुनेच्या ताटातला कांदा काढला, डाळ काढली.

चार दिवसांनी वांगं आणि बटाटा काढला. मग शेंगदाण्याचं कूट. मग तिखट. मग लिंबू, मग फळं. उज्वलाचे सासरे जयराम गोठ्यातून ओरडायचे, "अगं, तिला खायला काय ठेवलंस का नाय?"

"तुम्ही तुमची गाय बघा!"

आणि ते गायच बघायचे. हा माणूस असा, की पाव्हण्याच्या चहात दूध घालताना हात आखडायचा. पण सुनेसाठी सकाळी पहिली धार काढून तांब्या स्वतः आणून ठेवायचा. ताटातून एक पदार्थ गेला की दुधाची एक वाटी वाढायची. महिना भरला तेव्हा ताटात भाकरी, तूप आणि दूध एवढंच उरलं. पाणीसुद्धा मोजकंच, तेही कोमट.

"आई, गरगरतंय," उज्वला म्हणायची.

"भिंतीला टेकून बस. दूध घे."

चिमीच्या गालावर पुरळ आलं. शी चिकट व्हायला लागली. सिंधुबाई रोज विचारायची, "आज काय खाल्लंस?" आणि उज्वला रोज आठवून आठवून सांगायची, जणू परीक्षाच.

एका दुपारी उज्वलाला भूक धरवली नाही. गोठ्याच्या आडोशाला जाऊन तिनं अर्धी भाकरी खाल्ली, लाल मिरचीच्या ठेच्याबरोबर. संध्याकाळी चिमी रडली. आदल्या दिवशी रडली होती तेवढीच. पण उज्वला सासूच्या पायाशी येऊन बसली आणि हुंदके देत म्हणाली, "आई, मी केलं हे. मी ठेचा खाल्ला."

तेव्हा सिंधुबाईनं तिला जवळ घ्यायला हवं होतं. तिनं घेतलं नाही. म्हणाली, "एवढी कशी गं जीभ सुटली? पोरीपेक्षा ठेचा गोड?"

दुसऱ्या दिवशी तिनं निर्णय दिला. अंगावरचं दूधच बाधतंय. आठ दिवस पोरीला अंगावर घ्यायचं नाही. उज्वला गप्प राहिली. जयरामांच्या गाईचं दूध पाणी घालून उकळलं, वाटी-चमच्यानं पाजलं. उज्वलाचा पदर ओला व्हायचा, ती आत जाऊन दूध पिळून टाकायची. पाचव्या-सहाव्या दिवशी पदर ओला होईनासा झाला. सिंधुबाईनं ते बघितलं आणि मनात म्हणाली, बरं झालं, वाईट दूध जाऊ दे, नवं येईल.

आठव्या दिवशी दुपट्यावरच्या शीमध्ये रक्ताची रेघ दिसली.

सोमनाथ कारखान्यातली पाळी टाकून आला. रिक्षा करून सगळे नाशिकला मुलांच्या डॉक्टरांकडे गेले. बाई होत्या, वयानं उज्वलाएवढ्याच. त्यांनी चिमीला तपासलं आणि विचारलं, "आई काय जेवते?"

उत्तर सिंधुबाईनं दिलं, छाती पुढे काढून. कांदा नाही, डाळ नाही, वांगं नाही, तिखट नाही. डॉक्टर ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि दूध?"

"दूध भरपूर! घरची गाय हाय. लिटरभर तरी पिती. आठ दिवस झाले, पोरीलाबी तेच देतोय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सिंधुबाईनं दोन शब्द सुनावले असते. त्या शांतपणे सांगत गेल्या. थोड्याच बाळांना गाईचं दूध सोसत नाही. आईनं प्यायलं की त्याचा अंश आईच्या दुधातून बाळापर्यंत जातो. चिमी बहुतेक त्यातलीच आहे. वरचं गाईचं दूध आजच बंद; अंगावरचं पुन्हा पुरेसं येईपर्यंत अशा बाळांसाठीची वेगळी पावडर वाटी-चमच्यानं द्यायची. आईनंही दूध, दही, ताक, खवा सगळं बंद करायचं, तीन-चार आठवडे बघायचं. बाकी कांदा, डाळ, वांगं उगीच बंद केलं. एखादी गोष्ट खाल्ल्यावर दर वेळी त्रास दिसला तर तेवढीच थांबवायची, सगळं ताट नाही.

"पण माझ्या पथ्यानं पोरं गप होतात, बाई," सिंधुबाई म्हणाली.

"कितव्या महिन्यात होतात?"

"तिसरा सरला की."

"तेव्हा बहुतेक पोरं आपोआपच गप होतात, आजी."

घरी येताच सिंधुबाई चुलीपुढे बसली. भरलं वांगं, तुरीचं वरण, कांद्याची पात, शेंगदाण्याची चटणी, जे जे काढलं होतं ते ते एका ताटात घातलं. दूध मात्र कुठे नाही. उज्वलानं घास उचलला, तोंडापर्यंत नेला आणि हात थांबला.

"आई, हिला त्रास झाला तर?"

सिंधुबाईनं तोंडात घास घालायला हात पुढे केला, तर सुनेनं ओठ मिटले. किती वेळ तो हात तसाच राहिला. शेवटी उज्वलानं डोळे मिटून घास घेतला, औषध घ्यावं तसा.

दोन दिवस, चार दिवस, दहा दिवस. चिमीच्या शीमधलं रक्त थांबलं, पुरळ ओसरलं. पण अंगावर घेतली की तोंड फिरवायची. वाटी-चमच्याची सवय लागलेली, आणि ओढायला काही येतही नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं तसं तासातासाला घेतलं. सिंधुबाई शेजारी बसून चिमीचं डोकं धरायची, पुटपुटायची, "ओढ गं माय, ओढ." दोन थेंब यायचे. महिनाभर दोघींनी झट-झट झटून बघितलं. मग डॉक्टरांनी सांगितलं, आता पोटभर ती पावडरच द्या. सोमनाथ बाटली घेऊन आला. उज्वलानं ती स्वतः उकळली, स्वतः भरली. रडली नाही.

पोरगी बाळसं धरून आता गलेलठ्ठ झालीय, दोन दात आलेत, जयरामांच्या मिशा ओढते. जयराम गाईचं दूध डेअरीला घालतात आणि नातीसमोर चहा पीत नाहीत. सिंधुबाई मात्र कुणाच्या घरी जात नाही. शेजारच्या सुलाबाईनं लेकीच्या बाळंतपणाला बोलावलं, तर "गुडघे दुखतात" म्हणाली. गुडघे चांगले आहेत तिचे.

रजा संपली. सातपूरला निघायच्या सकाळी उज्वला दुपट्यांच्या घड्या करत होती, सिंधुबाई चिमीला पायावर घेऊन शेवटचं न्हाऊ घालत होती. उज्वलाचा आवाज साधाच होता, राग नव्हता त्यात. तिनं विचारलं, "आई, तुम्ही इतक्या घरांत गेलात. माझ्यासारखी आणखी कुणी झाली असंल का?"

सिंधुबाईनं पोरीच्या डोक्यावरून पाण्याची धार सोडली, डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर तळहात धरला, आणि म्हणाली, "असतील गं. सवा महिना झाला की लुगडं घ्यायचं नि निघायचं, मागं वळून कोण बघतं? पोर गप झालं, एवढंच कानावर यायचं. ज्यांचं दूध आटलं त्या कुठं बोलल्या? तू तरी कुठं बोललीस!"