घरचा फोन बैठकीत असतो

मैत्रिणींना आमच्या फोनचे किस्से सांगायला बसले की एकातून दुसरा निघतो. आमच्या घरी फार काही वेगळं घडतं असं नाही. मोठी माणसं एकच चूक पुन्हा पुन्हा करतात आणि दर वेळी नवा किस्सा तयार होतो. मैत्रिणी हसतात. मीही हसते, पण सगळ्याच किश्शांना नाही.

*

आमचं घर जिंतूरला. लँडलाइन बैठकीत, आबांच्या, म्हणजे आजोबांच्या खाटेशेजारी. बैठकीत सदा पुरुष माणसं बसलेली. ताई लग्न होऊन वालूरला गेली. तिचा फोन आला की आई डोक्यावर पदर घेऊन, भिंतीकडं तोंड करून, उभ्यानं बोलायची. मायलेकींनी एक खूण ठरवली होती. बैठकीत कुणी असेल तर आईनं पावसाचं नाव काढायचं. मग ताई एकटीच बोलायची आणि आई नुसती 'हं, हं' करायची.

एकदा भर मे महिन्यात आई म्हणाली, "हो गं, लय पाऊस हाय इकडं."

आबा खाटेवरून ओरडले, "कुठं हाय पाऊस? अंगाची लाही व्हायलीय! लेकीला खोटं कशाला सांगायलीस?"

*

पुढं रस्त्याच्या कामात केबल तुटली आणि फोन मुका झाला. आबा रोज अंघोळ झाली की रिसीव्हर कानाला लावायचे, ऐकायचे, खाली ठेवायचे. तेव्हा ताईला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या वेळी ती माहेरी आली होती, या वेळी बाळंतपण सासरीच होणार होतं. तिची खुशाली विचारायला आईला दर वेळी कुणाचा तरी मोबाईल मागावा लागायचा.

मी चिडून म्हणाले, "आबा, अख्ख्या गल्लीत आता आपलीच लँडलाइन उरलीय. कोण येणार जोडायला?"

आबा म्हणाले, "एकच उरलीय? मग तर आपला नंबर लवकर लागंल!"

*

शेवटी मीच विषय काढला. लँडलाइन बंद करा आणि आईला मोबाईल घ्या.

बाबा म्हणाले, "घरात सगळ्यांकडं मोबाईल हायेत की."

"सगळ्यांकडं म्हणजे?"

"आबांकडं, माझ्याकडं, तुझ्या काकाकडं. तुझ्याकडं बी हाय."

"आणि आई?"

"तिला कुठं जायचं असतं? ती तर घरातच असती."

"आबा तरी कुठं जातात? खाटेवरून ओसरीत, ओसरीतून खाटेवर!"

काका हसले. "शिकवलं म्हणून आता वकिली करायलीस काय आमच्यापुढं?"

आई चहा घेऊन आली होती. तिनं कप ठेवले आणि आत गेली. तिला काय पाहिजे, हे त्या बैठकीत कुणीच विचारलं नाही.

*

तडजोड म्हणून सिमकार्डावर चालणारा टेबलफोन आला. दिसायला लँडलाइनसारखा, पण वायर नाही. मी तो उचलून थेट स्वयंपाकघरात नेला. आबांनी परत आणून खाटेशेजारी ठेवला.

"आबा, हा कुठंही नेता येतो!"

"कुठंही नेला तर तो घरचा फोन कसा? घरचा फोन बैठकीत असतो."

मी डोकं आपटून सांगितलं, की याला आधी रिचार्ज मारावा लागतो. घरच्या फोनचा कारभार आयुष्यभर आबांकडं. ते म्हणाले, "बिल आल्याबिगर पैसे कशाचे द्यायचे?"

मी परीक्षेसाठी परभणीला गेले. रिचार्ज संपला आणि घरचा फोन लागेना. मी बाबांना मोबाईलवर ओरडून सांगितलं. बाबांनी आबांना सांगितलं. आबा पोस्टमनची वाट बघत बसले!

*

त्याच दिवसांत ताई बाळंत झाली. दाजींनी घरी फोन लावला, लागला नाही. मग त्यांनी बाबांना दुकानात फोन केला. मुलगी झाली, दोघी सुखरूप! बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथंच पेढे मागवले आणि अख्ख्या बाजारात वाटले.

आई भाकरी थापत होती. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "वहिनी, पेढा खाऊन आले मी! नात झाली, तुमी बोललाबी न्हाईत!"

आईनं विचारलं, "माझी लेक कशी हाय?"

काकूंना ते माहीत नव्हतं. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली, तरी आईनं ती उलटली नाही, असं काकूंनीच मला सांगितलं.

बाबा संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. दुकान घरापासून दोन गल्ल्या. आईनं पुडा हातात घेतला नाही, तेव्हा म्हणाले, "मी तरी काय करू? घरी फोन लावला, तर लागंना!"

*

परीक्षा संपवून मी दुसऱ्या दिवशी सकाळीच घरी पोचले. आई पहिल्या एसटीनं वालूरला गेली होती. बाबा चार्जिंगला लावलेला मोबाईल शोधत होते. उशा झाल्या, खाटेखाली झालं, आबांनाही उठवून झालं. शेवटी काकांनी आपल्या मोबाईलवरून बाबांचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"हॅलो," आईचा आवाज. मागं बाळ रडत होतं.

"अगं, माझा मोबाईल तू नेलास?"

"हो."

"मला दुकानाचे फोन येत असतात! व्यापाऱ्यांचे, गिऱ्हाइकांचे!"

"सकाळपासून यायलेत," आई शांतपणे म्हणाली. "समद्यांशी बोलले मी. कोण काय म्हणालं, ते घरी आल्यावर सांगते."

"आणि येणार कधी तू?"

"बाळाचा सव्वा महिना झाला की."