वन्संचं दारूकाम

लग्न ठरलं तेव्हा घरच्यांची ओळख करून देताना माझ्या होणाऱ्या नवऱ्याने सांगितलं, "मोठी बहीण आहे. कवळ्या करते, आणि सुट्टीच्या दिवशी दारू उडवते." माझ्या वडिलांनी हातातला कप खाली ठेवला. दारू पिणारी नणंद एक वेळ त्यांना समजली असती, पण उडवणारी म्हणजे नक्की काय? मग शोभेची दारू, आकाशात फुटणारे गोळे, परवाना असा सगळा खुलासा झाला. तरी निघताना वडील मला बाजूला घेऊन म्हणालेच, "त्या घरात काडेपेटी कुठे ठेवतात तेवढं बघून घे."

त्या घरात काडेपेटी नव्हतीच. दारूचा कणही उंबऱ्याच्या आत आणायचा नाही, हा वन्संचा स्वतःचा नियम होता. स्वयंपाकघरात मेणबत्ती लावली तरी त्या मान वळवून बघायच्या.

उंच, हाडापेराने मोठ्या, बोलणं मोजकं. समोरचा बोलत असला की त्या त्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायच्या. पहिले काही महिने मला वाटायचं, माझ्या दाताला काही लागलंय. नंतर कळलं की ती धंद्याची सवय. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणावर एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. मागच्या गल्लीत एका शिंप्याच्या दुकानावर त्यांची खोली होती. भिंतीवरच्या फळ्यांवर पांढरे जबडे ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकाला चिकटपट्टीवर नाव. सासूबाई त्या खोलीत कधी गेल्या नाहीत. "सगळं गाव हसतंय असं वाटतं," म्हणायच्या.

दारूकामाची सुरुवातही एका कवळीनेच झाली. मोठमोठ्या आतषबाज्या करणारे एक म्हातारे उस्ताद कवळी करून घ्यायला आले होते. नव्या दातांनी त्यांना 'स' म्हणता येईना. गोळा सोडायच्या वेळी ते माणसांना ओरडून "सोड!" म्हणायचे, ते आता "थोड!" असं निघायला लागलं, आणि माणसं एकमेकांची तोंडं बघत उभी राहायची. वन्संनी कवळी तीनदा घासून दिली. आवाज नीट निघतो का हे पाहायला त्या उस्तादांबरोबर मैदानावरच गेल्या. 'स' साफ निघाला. गोळा वर गेला, फुटला, आणि वन्सं वर बघतच राहिल्या. पुढच्या वेळी त्या पुन्हा गेल्या. उस्तादांनी आधी वाळूची पोती उचलायला लावली, मग नळे पुसायला, मग तारा जोडायला. काही वर्षांनी त्यांनी परीक्षा देऊन परवाना काढला. उस्ताद गेल्यावर गावातल्या हौशी लोकांनी मंडळ काढलं, त्यात वन्सं आपोआपच प्रमुख झाल्या. मंडळात एक पोस्टमन होता, एक नर्स, दोन प्लंबर भाऊ, आणि अध्यक्ष कोण, तर लाकडाच्या वखारीचे मालक. दारूच्या मंडळाला वखारवाला अध्यक्ष, यावर गावाने जेवढं हसायचं तेवढं हसून घेतलं होतं.

वर्षातून एकदा, थंडी सुरू झाली की गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर मंडळाचा कार्यक्रम व्हायचा. विमानं यायची कधीच बंद झाली होती, तिथे नुसतं गवत माजायचं. सगळं गाव सतरंज्या नि खुर्च्या घेऊन लोटायचं. पलीकडच्या टोकाला लोखंडी नळे जाड फळ्यांच्या चौकटींत उभे केलेले असायचे. नळ्याच्या तळाशी गोळा, गोळ्याला तार, आणि सगळ्या तारा वन्संच्या पुढ्यातल्या पेटीत. पेटीवर बटणं आणि एक किल्ली. किल्ली फिरवल्याशिवाय कुठलंच बटण चालायचं नाही.

सासूबाई मात्र एकदाही आल्या नाहीत. "पोटात धस्स होतं," म्हणायच्या. पण खरं कारण वेगळं होतं. आपल्या मुलीने हे असलं करावं हेच त्यांना पसंत नव्हतं. कार्यक्रमाच्या दिवशी त्या रेडिओ मोठा करून बसायच्या. वन्सं परत आल्या की दारातच विचारायच्या, "बोटं दाखव." वन्सं दोन्ही पंजे पुढे करायच्या. सासूबाई बघायच्या आणि म्हणायच्या, "जेवून घे."

माझ्या लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. मी आणि माझा नवरा त्या वर्षी पेटीच्या जवळच, दोरीच्या आत उभे होतो. कार्यक्रम अर्ध्यावर आला होता. एक गोळा नळ्यातून निघालाच नाही, आतल्या आतच फुटला. जमिनीलगत पांढरा लखलखाट झाला, फळ्या उडाल्या, शेजारचा नळा आडवा झाला आणि त्यातला गोळा गवतावरून सरपटत जाऊन लांबच्या खड्ड्यात हिरवागार फुटला. लोकांना वाटलं हा कार्यक्रमातलाच प्रकार. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

वन्संनी किल्ली फिरवून काढून घेतली आणि कोटाच्या खिशात टाकली.

अध्यक्ष धापा टाकत आले. "का थांबलं?"

"चौकट फुटली."

"एकच ना? बाकीच्या लांब आहेत. त्या उडवा."

"धक्क्याने त्यातला एखादा नळा कलला असेल तर?"

"कललाय का?"

"माहीत नाही. इथून अंधारात दिसत नाही, आणि भरलेल्या नळ्यांजवळ आत्ता कुणी जायचं नाही. म्हणून बंद."

"अहो बाई, सगळं गाव मान वर करून बसलंय!"

"त्यांना मान खाली करायला सांगा," वन्सं म्हणाल्या.

अध्यक्षांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग प्लंबर भावांकडे बघून "तुम्ही तरी सांगा" म्हणाले. ते दोघे बुटांकडे बघत राहिले. शेवटी कर्ण्यावरून कार्यक्रम संपल्याचं सांगितलं. आधी कुणाला खरंच वाटेना. मग शिट्ट्या सुरू झाल्या, मग "परत! परत!" कुणीतरी संत्र्याच्या साली फेकल्या. वन्सं पेटीजवळून हलल्या नाहीत. शेवटची गाडी जाईपर्यंत त्या तिथेच पाठीवर हात बांधून उभ्या होत्या.

सकाळी मी पाव आणायला गेले, तर पाववाला म्हणाला, "पूर्ण देऊ, की मध्येच थांबू?" दुकानातले सगळे हसले. वन्संना 'फुसका बार' हे नाव तर रात्रीतच पडलं होतं.

नळ्यांत भरलेले गोळे तसेच होते. रात्रभर दव पडलेलं, असे गोळे काढून परत गाडीत घालणं धोक्याचं. अग्निशमनचे अधिकारी आले. उजेडात सगळं तपासायचं, आणि ठीक असेल तर तिथेच उडवून टाकायचं असं ठरलं. आमच्या गाडीत त्या दिवशी सासूबाईही होत्या. त्यांना पुढे डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, आणि घरी सोडायला परत फिरायचं म्हणजे वळसा. त्या तोंड पाडून बसल्या होत्या. धावपट्टीवर पोहोचल्यावर नवऱ्याने त्यांना लांब, झाडाखाली घडीची खुर्ची मांडून दिली.

वन्संनी आणि अधिकाऱ्यांनी एकेक नळ्याला ओळंबा लावून पाहिला. बराच वेळ गेला. मग वन्सं पेटीपाशी आल्या, हात वर करून सगळ्यांना खूण केली आणि बटण दाबलं.

दिवसाच्या आकाशात गोळा फुटला की काही म्हणजे काही दिसत नाही. धप्प असा आवाज, वर एक फिकट ठिपका, आणि मग पिंजलेल्या कापसासारखा धुराचा पुंजका. एवढंच. पहिल्या आवाजाला सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. दुसऱ्याला जरा सैल सोडलं. चौथ्या-पाचव्याला त्या म्हणाल्या, "एवढंच होय?"

"हो, आई."

"मला वाटायचं, काहीतरी भयंकर असेल."

वारा नव्हता. पुंजके एकामागून एक लटकून राहिले आणि हळूहळू पलीकडच्या तलावाच्या बाजूला सरकायला लागले. सासूबाई मान वर करून बघत होत्या. "ते बघ, बदकासारखं चाललंय," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर खाली लेकीकडे वळली. वन्सं पेटीवर वाकल्या होत्या. एक दाबायचं, वर बघायचं नाही, नळ्याकडे बघायचं, मग दुसरं.

"अशी उभी असते होय ती," सासूबाई म्हणाल्या. "पाठ दुखत असेल."

मध्ये वन्सं थांबल्या, एक तार सुटली होती. सासूबाईंनी खुर्चीतूनच हाक मारली, "अगं, थांबलीस का? उडव की!"

वन्संनी वळून बघितलं. त्यांचा चेहरा मला लांबून नीट दिसला नाही. तार जोडून त्यांनी पुढचं बटण दाबलं.

सगळं संपत आलं तेव्हा अध्यक्ष आले. रात्रीचा राग उतरला होता. त्यांनी साधेपणानेच विचारलं, "नळे कसे निघाले?"

"सरळ," वन्सं म्हणाल्या. "सगळे."

"म्हणजे चालू ठेवता आलं असतं."

"हो."

गाडीत बसल्यावर माझा नवरा म्हणाला, "ताई, हे सांगायची काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं."

"अगं पण..."

"मग काय करू? जाऊन एखादा वाकडा करून ठेवू?"

मागच्या सीटवर सासूबाई फस्सकन हसल्या. डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत त्या अधूनमधून हसतच होत्या.

मंडळाची बैठक झाली. भांडण झालं नाही. बाईंचा अनुभव मोठा आहे, पण हल्ली फार घाबरतात, असा सूर निघाला. पेटी कर्णे-भोंगे भाड्याने देणाऱ्या एका उत्साही माणसाकडे गेली. सगळे त्याला भोंगेवाला म्हणायचे. वन्संनी नळे उभे करावेत, तारा जोडाव्यात, असं ठरलं. वन्सं "बरं" म्हणाल्या. मला वाटलं होतं, त्या मंडळच सोडतील. सोडलं नाही. त्या आठवड्यात एका निवृत्त शिक्षकांची कवळी परत आली. सैल होती, चहा पिताना पडायची. वन्संच्या हातची कवळी परत आलेली मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली. त्या रात्री उशिरापर्यंत शिंप्याच्या वरच्या खोलीत दिवा होता.

भोंगेवाला वाईट नव्हता. उलट त्याने गाण्याच्या ठेक्यावर गोळे सोडायला सुरुवात केली, आणि लोकांना ते फार आवडलं. वन्संनाही आवडलं असावं. एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "त्याचा हात चांगला आहे. मी फार सावकाश सोडायचे." नवऱ्याने विरोध करायला तोंड उघडलं, तर त्यांनी त्याच्या ताटात भाजी वाढली.

तीन वर्षांनी भोंगेवाला दुसऱ्या गावी गेला. अध्यक्ष स्वतः शिंप्याचा जिना चढून वन्संकडे गेले. त्यांचा स्वतःचाही एक दात हलत होता, तेवढंच निमित्त. दात दाखवून झाल्यावर म्हणाले, "पेटी परत घ्या. झालं गेलं विसरून जा."

"नको," वन्सं म्हणाल्या.

"अजून राग आहे?"

"राग नाही हो. पेटीवर असले की मान वर करायला मिळत नाही. आता नळे लावून झाले की पोत्यांमागे आडवी होते आणि बघते. इतकी वर्षं मी बघितलंच नव्हतं."

"मग पेटी कुणाला देऊ?"

"नर्सबाईंना द्या. त्यांचा हात थरथरत नाही, आणि थांबायची वेळ आली तर त्या तुमचं ऐकणार नाहीत."

अध्यक्षांनी जबड्यांच्या फळीकडे बघत मान डोलावली. पेटी नर्सबाईंकडे गेली.

त्या वर्षी मी हट्टाने वन्संबरोबर गेले. डोक्यावर कडक टोपी, कानांत बोळे, आणि वाळूच्या पोत्यांमागे आम्ही दोघी उताण्या. गोळे थेट डोक्यावर फुटत होते. लांबून फूल दिसतं, तिथे खालून ते सगळ्या बाजूंनी आपल्याच अंगावर येतंय असं वाटतं. मी डोळे मिटून घेतले, मग हळूच उघडले. वन्सं बघत होत्या. तोंड किंचित उघडं, हात पोटावर. मध्येच त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि काहीतरी म्हणाल्या. बोळ्यांमुळे ऐकू आलं नाही. मी एका कानातला बोळा काढला.

"एक गेला नाही," त्या म्हणाल्या. "डावीकडची कडेची चौकट."

मला तर आकाश भरगच्च दिसत होतं.

"आता?"

"आता काही नाही. सकाळी बघू. तू वर बघ."

सकाळी आम्ही बादल्या घेऊन गेलो. कडेच्या चौकटीत एका नळ्यात गोळा तसाच होता, तार मधेच तुटलेली. वन्संनी नळ्यात पाणी ओतलं, झाकण लावलं, आणि तो तसाच ठेवून आम्ही थर्मासमधला चहा घेत गवतात बसलो. प्लंबर भाऊ बाकीच्या चौकटी उचलून गाडीत टाकत होते. गवतावर जळक्या पुठ्ठ्याचे तुकडे पसरले होते. वन्सं हाताला लागतील तेवढे बसल्या बसल्या गोळा करत होत्या. पाणी पुरेसं मुरलं असं त्यांना वाटलं, तेव्हा त्या उठल्या, गुडघे झटकले आणि मला म्हणाल्या, "तू लांब हो. आणि घड्याळ बघ, दहाला एक बाई दात न्यायला येणार आहेत."